साक्षीदार हसली

"पाय हलवू नका!"

आवाज जमिनीवरून आला. मी प्रयोगशाळेच्या दारात होते तशीच थिजले. टेबलाखालून एक माणूस अर्धा बाहेर आलेला, कोपरं टेकलेली, नाकावर ग्रीसचा डाग.

"स्प्रिंग पडलीय. तांदळाच्या दाण्याएवढी आहे."

"आणि मी झडपवाल्याला शोधतेय. एक्केचाळीस पानं सहीविना पडलीत त्याची. सापडला की चांगली खरडपट्टी काढणार आहे."

"सापडला. पण आधी... तो डावा पाय जरा..."

स्प्रिंग माझ्याच टाचेखाली निघाली. खरडपट्टी राहूनच गेली.

मी तिसऱ्या मजल्यावर, बौद्धिक संपदा विभागात होते. नाव भारदस्त, माणसं तीन. कंपनीत कुणाला काही नवं सुचलं की ते जपायचं, दुसऱ्यानं पळवू नये म्हणून पहारा द्यायचा, हे आमचं काम. त्यासाठी एक भलंमोठं सॉफ्टवेअर होतं. सगळे त्याला 'वही'च म्हणत. संशोधकानं रोजचं काम त्यात लिहायचं, आणि एका साक्षीदारानं ते वाचून 'वाचलं, समजलं' हे बटण दाबायचं. दाबलं की पान कायमचं बंद. मग त्यातला स्वल्पविरामही कुणाला हलवता येत नाही. साक्षीदारासाठी अटी दोनच. त्या कामात त्याचा हात नको, आणि काम करणाऱ्यात त्याचा जीव नको.

झडपवाल्याचा जुना साक्षीदार निवृत्त झाला होता. मी यंत्रांचं शिकलेली, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं.

पहिल्याच दिवशी मी भराभर बटणं दाबायला निघाले, तर यानं माऊसवर हात ठेवला.

"समजलं नसेल तर दाबू नका."

"मग तुम्हाला रोज समजावून सांगावं लागेल."

"मग रोज या," तो म्हणाला, आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

मीही काही कमी नव्हते. समजलेलं पुन्हा विचारायचे. दुपारी चारला खाली जायचं, कोपऱ्यातला कॉम्प्रेसर धडधडत असायचा, खिडकीतून ऊन त्याच्या मनगटावर आलेलं असायचं... आणि मी विचारायचे, "ही झडपेतली रबरी पडदी उलटी का बसवली?" तो तिसऱ्यांदा सांगायचा. त्यालाही कळत होतं, मला काय समजलंय आणि काय नाही ते.

झडप होती तान्ह्या बाळांच्या श्वासाच्या यंत्रासाठी. जुन्या झडपा ओलाव्यानं अडकतात. एवढ्याच कामासाठी चार वर्षं का घालवली, असं मी एकदा थट्टेत विचारलं. तो स्प्रिंग चिमट्यात धरून होता. ती त्यानं खाली ठेवली.

"मी नऊ दिवस मामा होतो," तो म्हणाला. "दहाव्या दिवशी पहाटे झडप अडकली. ताई अजून बाळाच्या खोलीत जात नाही."

त्या दिवशी पान मी दोनदा वाचलं.

सातवा नमुना अडकला नाही. दोनशे तास ओल्या हवेत चालला. आम्ही दोघं घड्याळाकडे बघत उभे होतो. काटा पुढे सरकला आणि हा माणूस तिथल्या तिथे चक्क नाचला. दोन पावलं, तीही चुकीची. मी पोट धरून हसले. संध्याकाळी वहीत पान आलं. आकडे, तापमान, दाब, आणि शेवटची ओळ: 'नमुना क्रमांक सात अडकला नाही. साक्षीदार हसली.'

"अहो, हे काय लिहिलंत? हे वीस वर्षं राहील!"

"राहू दे की."

मी ती ओळ काढायला लावायला हवी होती. माझं कामच ते होतं. मी बटण दाबलं... वाचलं, समजलं.

पुढच्या वर्षी दुसऱ्या एका कंपनीनं दावा ठोकला. झडप आमची, या माणसानं चोरली, म्हणे. त्यांची जुनी झडप धडाक्यात खपत होती. नवी त्यांना बनवायची नव्हतीच, फक्त अडवायची होती. त्यांच्या पेटंटच्या अर्जाच्या अकरा दिवस आधी आमचा सातवा नमुना चालला होता, आणि त्याला पुरावा एकच. ते पान.

"पान तुझ्या सहीवर उभं आहे," आमच्या वकीलबाई म्हणाल्या. "तुमच्या दोघांत काही आहे असं निघालं, तर ती सही गेली. मग पान गेलं, झडप गेली, आणि तो चोर ठरला. मी तुला काय बोल ते सांगणार नाही. ते मला सांगता येत नाही."

साक्षीच्या आदल्या दुपारी मी खाली गेले. तो खिडकीशी उभा होता. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले.

"उद्या तुझी साक्ष," तो म्हणाला. पहिल्यांदाच 'तू' म्हणाला. "त्याआधी मला तुला एक सांगायचंय. खूप दिवस..."

"नका सांगू. सांगितलंत तर मी ऐकलेलं असेल. उद्या मला विचारतील."

"तरी..."

मी हात लांब केला आणि कॉम्प्रेसर चालू केला. खोली धडधडाटानं भरून गेली. त्याचे ओठ हलत राहिले. मी भिंतीकडे तोंड केलं आणि नखं तळहातात रुतवून उभी राहिले. आयुष्यात जे ऐकायची सगळ्यांत जास्त ओढ होती, ते माझ्यामागे दोन हातांवर बोललं जात होतं.

दुसऱ्या दिवशी मी साक्षीला बसले. त्या कंपनीचा वकील गोड बोलणारा होता. शपथ झाली. टेबलाच्या पलीकडे झडपवाला बसला होता.

"साक्षीदार का हसली?" वकिलानं विचारलं.

"ते वाईट नाचतात म्हणून."

खोलीत हशा पिकला. वकीलही हसला, आणि हसता हसताच पुढे झुकला.

"त्यांनी तुमच्यावर प्रेम असल्याचं कधी सांगितलं?"

"मी तसं ऐकलेलं नाही."

"आणि तुमचं? तुमचं आहे त्यांच्यावर?"

टंकलेखिकेची बोटं थांबून वाट पाहत होती. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर संपलंच होतं सगळं.

"नाही. ते माझे कोणी नाहीत."

शपथ घेऊन मी खोटं बोलले. नऊ दिवसांच्या त्या बाळासाठी बोलले, असं स्वतःला बजावते. पण खोटं ते खोटंच. समोर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, एवढंच ऐकलं.

घरी आईनं ताट पुढे केलं आणि माझ्याकडे पाहत राहिली. "कोणी आहे का गं?"

"नाही."

वकिलाला पटलं होतं. आईला पटलं नाही. तिनं माझे केस मागे सारले, तेव्हा मात्र मला रडू आवरलं नाही.

आम्ही जिंकलो. त्यांनी लगेच अपील केलं. वकीलबाई म्हणाल्या, पाच वर्षं, कदाचित सात. तोवर चिठ्ठी नको, फोन नको, उद्या ते फोनसुद्धा तपासायला मागतील. झडपवाल्याची बदली दूरच्या शहरात, नव्या कारखान्यावर झाली. जायच्या दिवशी तो तिसऱ्या मजल्यावर आला.

"त्या दिवशी म्हणालात, ते खरं होतं?"

"अपील चालू आहे," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली, आणि तो गेला. संध्याकाळी माझ्या खणात एक छोटी काचेची बाटली सापडली. आत तांदळाच्या दाण्याएवढी स्प्रिंग होती. चिठ्ठी नव्हती. आता तो शहाणा झाला होता.

दोन वर्षं गेली. आईनं स्थळं आणली, मी नाकारली. कारण विचारलं की कामाचं नाव पुढे करायचे. अपील तारखांमागून तारखा घेत राहिलं. वहीतलं ते पान मी महिन्यातून एकदा उघडते. उघडल्याची नोंद होते हे मलाही माहीत आहे. त्याला काय करणार?

काल सकाळी अकराला फोन थरथरला. नंबर अनोळखी होता. मजकूर असा, की कोणत्याही वकिलानं वाचला तरी हरकत नसावी.

'पहिलं यंत्र इथल्या रुग्णालयात लागलं. बाळाचा आज दहावा दिवस. आताच घरी गेलं.'

मी खुर्चीत बसून राहिले. शेजारच्या टेबलावरची विचारत होती, काय झालं गं, कोणाचं काही वाईट... मी नुसती मान हलवली. कॉम्प्रेसरच्या धडधडाटात तो काय म्हणाला होता, ते मला कधीच कळणार नाही असं वाटायचं. तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. शेवटी एवढंच पाठवलं:

'वाचलं. समजलं.'