कोरी कॅसेट

सरहद्दीच्या तेलुगू बाजूला, जैनथच्या पुढे, पैनगंगेकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्या हायस्कुलात सरकारी टेपरेकॉर्डर येऊन तीन वर्षं झाली होती. तेलुगूच्या जुन्या सरांनी तो थोडे दिवस वापरला आणि एका दुपारी स्वतःच कपाटात ठेवून दिला. तेव्हापासून त्याला उजेड दिसायचा तो खंडेनवमीला. हेडमास्तर केशवराव त्याला हळदकुंकू लावत, नारळ फोडत आणि पुन्हा कुलूप घालत. मोडला तर जबाब कोणी द्यायचा? विज्ञान शिकवणाऱ्या वामनरावांना याचा भारी संताप येई. यंत्र वापरायला असतं, देव्हाऱ्यात बसवायला नव्हे, असं त्यांचं रोखठोक मत.

सत्त्याऐंशीच्या दिवाळीनंतर जुन्या सरांची बदली झाली आणि तेलुगू वामनरावांच्या गळ्यात पडलं. दहावीत एकतीस मुलं, सगळी घरी मराठी बोलणारी. त्यांत एकोणीस नंबरची राही, त्यांची एकुलती एक लेक. बाकी सगळ्या विषयांत पुढे, तेलुगूत मात्र गटांगळ्या. नापास झाली तर यवतमाळकडच्या स्थळाला होकार द्यायचा, असं मथुराबाईंनी नवऱ्याला बजावून ठेवलं होतं. राहीला शिकायचं होतं, मास्तरीण व्हायचं होतं. वामनरावांनी तिला पास करायचा शब्द दिला आणि केशवरावांशी भांडून कपाटाची किल्ली घेतली.

कपाटात कॅसेट एकच होती. तिच्या वरच्या कडेचे दोन्ही दात मोडलेले. भरलेलं पुसलं जाऊ नये म्हणून लोक ते दात मोडतात, एवढं वामनरावांना ठाऊक होतं. त्यांनी दोन्ही बाजू लावून ऐकल्या. नुसती सरसर. कोऱ्या कॅसेटचे दात कोणी कशाला मोडेल? शिपाई धोंडीबा दारात उभा होता, पण त्याला विचारावं असं त्यांच्या मनात आलं नाही. त्यांनी त्या खाचांत कागदाचे बोळे कोंबले, वरून चिकटपट्टी लावली आणि कॅसेट नव्यासारखी करून टाकली.

सकाळी पहिल्या तासाला प्रत्येकाने आपला नंबर सांगून तेलुगू पद्याच्या चार ओळी म्हणायच्या, दुपारी सगळ्यांनी मिळून ऐकायच्या आणि चुका सुधारायच्या. दुसऱ्या दिवशी त्यावरच पुन्हा भरायचं. मुलं हरखून गेली.

पहिल्याच दुपारी एकतिसाव्याच्या ओळी संपल्या. वामनराव बटण दाबणार, तोच टेपमधून एक श्वास ऐकू आला. मग बारीक आवाज.

"बत्तीस."

वर्ग हसला. वामनराव म्हणाले, "खालचं जुनं राह्यलं असंल. पुसलं तरी कधी कधी खालचा आवाज बारीक येते." त्यांचा स्वतःचा त्यावर विश्वास बसला.

तिसऱ्या दिवशी बत्तीसने एक ओळ म्हटली. अडखळत, चुकीच्या जागी श्वास घेत. त्या रोजच्याच ओळी होत्या, म्हणजे हे जुनं काही नव्हतं. वामनरावांनी टवाळ पोरांना उभं करून दम दिला. कोणी कबूल झालं नाही. त्याच सकाळी राही चौथ्या ओळीला अडली होती, पण तिचं अडणं काही नवं नव्हतं.

आठवडा गेला. बत्तीसच्या तीन ओळी झाल्या, स्वच्छ, घोटीव. राहीजवळ एकच उरली.

"काऊन थांबली वं?" वामनरावांनी घरी विचारलं.

"मले आठवून नाही राह्यलं, बाबा." तिचे डोळे भरले. "काल येत होतं. आता तिथं काहीच नाही."

त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. भूत नावाची गोष्ट त्यांनी जन्मात मानली नव्हती, आणि तरी त्यांनी उजाडेपर्यंत दिवा विझवला नाही.

सकाळी त्यांनी धोंडीबाला गाठलं.

"ते दात जुन्या सरांनी मोडले, सर. माह्यासमोर."

"काऊन?"

"ते नाही सांगलं." धोंडीबा जमिनीकडे बघत राहिला. "आधी कानात कापूस घातला त्यायनं. मंग मोडले."

दुपारी शाळा सुटल्यावर वामनरावांनी रिकाम्या वर्गात खिडक्या लावल्या आणि नुसती शांतता भरत कॅसेट दोन्ही बाजूंनी पुसली. तासभर ते श्वास जपत बसले. मग ऐकलं. एक ते एकतीस, सगळी गेली होती. बत्तीसही. त्यांनी फीत उपसली आणि शाळेमागे कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या आगीत टाकली. जळक्या प्लॅस्टिकचा वास शर्टाला लागला.

दुसऱ्या दिवशी हजेरी.

"अठरा."

"हजर."

"एकोणीस."

राही बाकावर बसली होती. समोर फळ्याकडे बघत होती. बोलली नाही.

त्यांनी पुन्हा पुकारलं. मग पुढे गेले. एकतीसपर्यंत.

हजेरीपट मिटताना राहीच्या बाकावरून आवाज आला.

"बत्तीस."

आणि चारही ओळी. एक चूक नाही.

वर्गात कोणी हसलं नाही.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर तिने मथुराबाईंना विचारलं, "पाणी कुठं ठेवता तुमी?" पोरीला अभ्यासाचा शीण आलाय म्हणून मथुराबाईंनी तिची दृष्ट काढली.

निकाल जूनमध्ये आला. राही तेलुगूत शाळेत पहिली. मथुराबाईंनी गल्लीत साखर वाटली आणि यवतमाळच्या पाहुण्यांना नकार कळवला. वामनरावांनी दिलेला शब्द पुरा झाला.

दुपारी राही उंबऱ्यावर बसून ते पद्य म्हणत होती. हल्ली ती सारखी म्हणे. वामनराव ओसरीवर होते. चौथी ओळ संपली, ती थांबली, ओठ मिटले. मागे बारीक सरसर उरली. आणि त्या सरसरीच्या खाली, खूप खाली, पुसूनही राहिलेला एक आवाज.

"मले आठवून नाही राह्यलं, बाबा."

मिटलेले ओठ हलले नव्हते.

 वामनरावांनी हात लांब करून कोपऱ्यातल्या कापसाच्या गाठोड्यातून चिमूटभर कापूस ओढला, त्याचे दोन बोळे केले आणि एकेक करून दोन्ही कानांत घातले.