पुष्करचं इंजिन

मॉडेल रेल्वेचं इंजिन दुरुस्त करणारा माणूस साताऱ्यात कुठं मिळतो, हे एकदा कुणाला विचारून बघा. समोरचा आधी हसतो, मग तुमच्या पांढऱ्या केसांकडे बघतो आणि म्हणतो, "काका, नातवाला नवीन घ्या की!" गंगाधररावांनी हे इतक्यांदा ऐकलं होतं की त्यांना आता रागही येईनासा झाला होता.

नातू नव्हताच. इंजिन त्यांच्या मुलाचं, पुष्करचं. वीतभर लांब, निळं, आत सुपारीएवढी मोटर. पहिल्या पगारात त्यानं ते परदेशातून मागवलं होतं आणि आपल्या खोलीत प्लायवूडवर रूळ मांडले होते. तापानं फणफणलेला असताना ते त्याच्या हातून फरशीवर पडलं नि बंद झालं. "बरा झालो की बघतो," म्हणाला. डेंग्यूनं आठवड्यात नेला त्याला. तेविसावं वर्ष हो! आईबापानं काय करायचं अशा वेळी?

दहाव्याला माहुलीच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना. झाडावर कावळे ढिगानं, खाली उतरायचे, पिंडाभोवती फिरायचे आणि मागं सरायचे. मामानं हात जोडून सांगितलं, चुलत्यानं सांगितलं, तुझ्या आईला अंतर देणार नाही. छे! गंगाधरराव बाजूला उभे होते. वीज मंडळात मीटर तपासण्यात त्यांची हयात गेली. भूत दिसलं तर आधी रीडिंग घेतील, असं त्यांच्या पत्नी उमाताई चेष्टेनं म्हणायच्या. ऊन चढलं, गुरुजी दर्भाचा कावळा करू म्हणाले, तेव्हा कसं कोण जाणे, त्यांच्या तोंडून निघून गेलं, "पुष्कर, तुझं इंजिन मी चालू करून तुझ्या रुळावर पळवतो." शब्द संपायच्या आत कावळ्यानं चोच मारली.

"कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, दुसरं काय," असं ते घरी येऊन म्हणाले. पण शब्द दिला म्हणजे दिला.

मग सुरू झाली वणवण. घड्याळवाल्यानं डोळ्याला भिंग लावून बघितलं, चाकाचे दात तुटलेत म्हणाला आणि वाईट वाटून चहा मागवला. चहा आले तीन. दुकानात तर दोघंच होते. गंगाधररावांनी चहावाल्याला तसं सांगितलं, तेव्हा तो त्यांच्या खांद्यामागं बघत राहिला आणि मुकाट्यानं एक कप उचलून घेऊन गेला. विहिरीच्या पंपाच्या मोटरी बांधणाऱ्यानं इंजिन हातातही घेतलं नाही. पुण्याच्या एका दुकानानं कंपनीलाच पाठवा म्हणून सांगितलं आणि कंपनी बंद पडलेली. अगदी नाकी नऊ आले. शेवटी त्याच दुकानातल्या पोरीनं एक नाव दिलं. सांगलीजवळच्या माधवनगरचा वीरधवल, द्राक्षबागांवर औषध फवारायचे ड्रोन दुरुस्त करणारा.

वीरधवल तोंडानं बडबड्या नि हातानं चलाख. "आवं काका, ड्रोनचं काम ह्याच्यापरीस बारीक असतंय. दात नवं पाडून घालतो. ठिवून जावा बिनघोर."

इंजिन सांगलीकडं राहिलं आणि साताऱ्याचं घर एकदम गप्प झालं.

तिसऱ्या दिवशी जेवताना उमाताई म्हणाल्या, "अहो, इंजिन गेल्यापासून त्याच्या खोलीतलं वाजायचं बंद झालंय."

"काय वाजायचं?"

"खुर्ची. दुपारची. तुम्हीही ऐकलंयत."

ऐकलं होतं. लाकूड आहे, उन्हानं वाजतं, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं. ऊन तर अजून तसंच होतं.

गुरुवारी सकाळी वीरधवलचा फोन आला. "काका, झालं बगा! पळतंय नुसतं. न्यायला या. आन् तुमच्या पोराला बी न्या की. दुकान उघडल्यापास्नं हितं बसलंय. च्या न्हाई, पानी न्हाई, बोलत बी न्हाई. नाक तुमचंच हाय, म्हनून वळखलं."

गंगाधररावांनी फोन ठेवून मागं बघितलं. उमाताईंनी सगळं ऐकलं होतं. त्या चपला घालून दारात उभ्या होत्या.

माधवनगरला पोचले तेव्हा टेबलावरच्या गोल रुळावर निळं इंजिन फिरत होतं. समोरच्या स्टुलावर कुणी नव्हतं.

"आत्ता उठला की," वीरधवल म्हणाला. "तुमच्या गाडीत जाऊन बसला."

गाडीला कुलूप होतं. किल्ली गंगाधररावांच्या खिशात होती.

उमाताई इंजिनचा डबा मांडीवर घेऊन मागं बसल्या आणि त्यांनी पट्टा लावला. गाडी सुरू होताच मागच्या सीटचा पट्टा लावा म्हणून टिंग टिंग सुरू झालं. गंगाधररावांनी डॅशबोर्डवर बघितलं. दिवा उमाताईंच्या जागेचा नव्हता, शेजारच्या जागेचा होता.

उमाताईंनी हात लांब करून तो पट्टा ओढला आणि खटकन अडकवला. आवाज थांबला.

"हळू चालवा," त्या म्हणाल्या.

आष्टा मागं पडलं. पुढं उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या.

"अहो, हे घरी जाऊन रुळावर फिरलं की तुमचा शब्द पुरा झाला. मग तो जाणार ना?"

"सुटेल तो, उमा. त्याच्यासाठीच ही सगळी धडपड."

"आणि आपण काय करायचं?"

गंगाधररावांना डोळ्यांपुढं रस्ता दिसेना, तेव्हा त्यांनी गाडी उसाच्या कडेला घेतली. घाटावर तोंड उघडलं नसतं तर बरं झालं असतं, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं. जन्मभर दिलेला शब्द पाळलेला माणूस तो. आता रडत होता, अगदी हमसून हमसून.

मग त्यांनी मागं हात केला. "डबा दे."

इंजिन बाहेर काढलं, उलटं धरलं आणि दोन्ही अंगठ्यांनी चाक दाबलं. नव्या दातांसकट आस मोडला.

"दुसरा कुणीतरी दुरुस्तीवाला शोधायला हवा," ते म्हणाले.

"शोधू की," उमाताई डोळे पुसत म्हणाल्या. "सावकाश शोधू."

टिंग टिंग टिंग.

शेजारचा पट्टा सुटला होता.

उमाताईंनी तो परत अडकवला आणि त्यावर हात दाबून धरला. "बस रे राजा. बस."

पलीकडच्या दाराचं हँडल आतून ओढलं गेलं, सुटलं, पुन्हा ओढलं गेलं.

गंगाधररावांनी आरशात बघितलं नाही. त्यांनी बटण दाबून चारी दारं लॉक केली आणि गाडी साताऱ्याच्या रस्त्याला घातली.