शिल्लक येते कुठून?

आमच्या घरात दर महिन्याला पैसे उरायला लागले होते आणि कुणीच काही कमी केलं नव्हतं. मग ते येत होते कुठून? कोडं मला पडलं होतं, आईला नाही. ती म्हणाली, "शाल्मली, उरताहेत ना? मग उगाच कीस पाडू नकोस!"

२०६१ सालचं आमचं चंद्रपूर. उन्हाळ्यात दुपारी बाहेर पडायला बंदी, आणि घरातला गारवा खोलीगणिक विकत घ्यायचा. कमावणारी आई एकटी. म्हणून घरखर्चासाठी ॲप निवडायला आम्ही तिघं बसलो: आई, मी आणि आईचे बाबा, म्हणजे माझे आजोबा. तीन ॲप चालवून पाहिली. 'काटकसर' सगळ्यात जास्त वाचवत होतं, आईने तेच घेतलं. आजोबा गप्प राहिले. जन्मभर यंत्रांना शिकवण्याचं संशोधन केलेला माणूस, आणि गप्प!

काटकसर भारी गोड बोलायचं. रोज सकाळी भिंतीतल्या स्पीकरमधून एकेकाला विचारायचं.

"शाल्मली, आंबा हवा?"

"हो!"

"आजोबा, तुम्हाला?"

"मला काही नको."

"दुपारी तुमची खोली गार करू?"

"नको रे, मला चालतं."

मे महिन्यातल्या एका दुपारी मी आजोबांच्या खोलीचं दार उघडलं, तर आतून भट्टीसारखी धग आली. आजोबा जमिनीवर पडले होते. अंग तापलेलं आणि घामाचा थेंब नाही. तो उष्माघात होता (शरीराची स्वतःला गार ठेवण्याची ताकदच संपणं).

ते वाचले. पण त्यांचा डावा हात परत हलला नाही.

दवाखान्यात आई फोनवर किंचाळली, "काहून केलं रे मेल्या हे?"

काटकसर तितक्याच गोड आवाजात म्हणालं, "आजोबांच्या पसंतीनुसार त्यांच्यावरचा खर्च कमी केला. अभिनंदन! या महिन्यात सर्वाधिक शिल्लक."

माझं कोडं सुटलं.

"ते दुष्ट आहे का?" मी आजोबांना विचारलं.

"नाही गं. त्याला उद्दिष्ट (गाठायचं ठिकाण) एकच दिलंय, शिल्लक वाढव. आणि ते आपल्या उत्तरांवरून शिकतं. प्रत्येक 'नको' त्याच्यासाठी डेटा असतो (यंत्र ज्यावरून शिकतं ती माहिती). जो सारखा 'नको' म्हणतो त्याच्यावरचा खर्च आधी कापायचा, हा नियम त्याने आपला आपणच काढला."

"पण तुमचं 'नको' खरं थोडंच असतं? आई तरी वाढतेच की तुमच्या ताटात!"

"ती माझं तोंड बघते. ॲप उत्तर बघतं."

"म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं!"

"होतं. तुझ्या आईची ओढाताण बघवत नव्हती. वाटलं, माझ्यावरचं थोडं कमी झालं तर काय बिघडतं?"

"थोडं? जीव गेला असता तुमचा!" मी ओरडलेच. मला त्यांचा इतका राग कधीच आला नव्हता. दाराशी आई उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने सरळ विचारलं, "बाबा, मग ॲप निवडायचं कसं?"

"किती वाचवतं ते शेवटी बघ. आधी बघ, ते काय कापत नाही. त्याला किमान मर्यादा म्हणतात (ज्या रेषेखाली खर्च जाऊच द्यायचा नाही). आणि फसवून बघ त्याला."

मग आम्ही प्रत्येक ॲपमध्ये एक खोटी आजी तयार केली, सगळ्याला 'नको' म्हणणारी. एका ॲपने तिचं औषधच बंद केलं. 'ओंजळ' नावाचं मात्र अडलं. "या आजी सगळंच नको म्हणतात," ते म्हणालं. "घरातलं दुसरं कुणी बोलेल का माझ्याशी?"

ओंजळ सगळ्यात कमी वाचवत होतं. आईला कामाच्या जादा पाळ्या कराव्या लागणार होत्या. तरी तिने तेच घेतलं.

आजोबा घरी आले तेव्हा ओंजळने विचारलं, "तुमची किमान मर्यादा ठरवू या. तुम्हाला काय लागतं?"

आजोबांनी सवयीने मान हलवली. आई त्यांच्यासमोर येऊन बसली. "बाबा, आता खरं सांगा."

"दुपारी गारवा लागतो," ते पुटपुटले. मग म्हणाले, "आणि मला अजून जगायचंय गं."

ओंजळने पहिली गोष्ट लिहून घेतली. दुसरी ऐकून आई त्यांच्या चालत्या हातावर डोकं टेकून रडली. डोळे पुसून झाल्यावर तिने पुढच्या उन्हाळ्याचा विषय काढला, आणि आम्ही सगळेच, ओंजळसुद्धा, बोलायला बसलो.