रणगाड्याची साक्ष

“शिवकांत, तोफेला हात लावू नको! रंग ओला आहे अजून!” महेश्वरी ओरडली.

शिवकांतनं झटकन हात मागं घेतला. उन्हाळ्याच्या सुट्टीत या दोघा भावंडांनी शेजारच्या निकिताला सोबत घेऊन प्लॅस्टिकचा वीतभर रणगाडा जोडला होता. इवलाली चाकं चिमट्यानं बसवली होती. आज हिरवा रंगही चढला.

तेवढ्यात दारात रडण्याचा आवाज आला. कस्तुराबाई उभी होती आणि तिच्या हातात करडू मान टाकून लोंबत होतं!

“शिवाप्पा, बघा लेकरांचे खेळ! हौदात ब्रश धुवायलेत म्हणं, शेडवाला योगीराज सांगायलाय. पाणी पिऊन करडू गेलं माझं. शेळी बी थरथर कापायलीय!”

“नाही मावशी, आम्ही ब्रश घरातच वाटीत...” महेश्वरी सांगू लागली.

“गप!” मुलांचे वडील, अप्पा गरजले. “योगीराजनं सोताच्या डोळ्यानं बघितलंय. आजपासून रंग बंद!”

महेश्वरी पुन्हा बोलू लागली. अप्पांनी पुढचं ऐकलंच नाही.

तिघं धावतच गुरांच्या हौदावर गेली. पाण्यावर तांबूस, तेलकट तवंग होता.

“ई! नाकात झोंबतंय!” निकिता म्हणाली.

“आपला रंग पाण्यात मिसळतो. त्याला असा वास नाही,” महेश्वरी पुटपुटली. तोच उग्र वास शेजारच्या शेडमधूनही येत होता. तिथं योगीराज ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवायचा.

आणखी जनावरं पाण्याला लागू नयेत म्हणून त्यांनी हौदावर बोराटीच्या काट्या, म्हणजे काटेरी फांद्या, ओढल्या आणि ती बाभळीआड दबा धरून बसली. दुपारी योगीराज आला. काट्या बाजूला सारून त्यानं रंगाची स्प्रे गन थिनरनं, म्हणजे तेलरंग पातळ करायच्या द्रावणानं धुतली आणि ते लालसर थिनर थेट हौदात ओतलं!

“काका! करडू तुमच्यामुळं मेलं!” शिवकांत ओरडत बाहेर पडला.

योगीराज दचकला, मग हसला. “पोरांचं कोण ऐकतंय? थिनर तुमच्या रंगात बी असतंय की!”

तो गेल्यावर मुलांनी काट्या पुन्हा ओढल्या. संध्याकाळी गुरं घेऊन आलेली माणसं ते बघून भडकली. अप्पाही आले. योगीराजनं पुन्हा मुलांकडंच बोट दाखवलं.

महेश्वरी पुढं झाली. “काका, आमच्या रंगात थिनर असतं ना? मग रणगाड्याला थिनरनं काही व्हायचं नाही. ओता थोडं.”

निकितानं परात आणि रणगाडा आणला. महेश्वरीनं शिवकांतकडं पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता. ओठ घट्ट मिटून त्यानं स्वतःच रणगाडा परातीत ठेवला.

योगीराजनं आयुष्यभर लोखंडच रंगवलं होतं, प्लॅस्टिकचा त्याला अनुभव नव्हता. त्यानं बिनधास्त आपला थिनरचा डबा उपडा केला.

हिरवा रंग फुगला. तोफ वाकली. बघता बघता चाकं एकमेकांत विरघळून त्यांचा लगदा झाला!

“आम्ही थिनर वापरलं असतं, तर रणगाडा उरला असता का?” महेश्वरीनं विचारलं. “थिनरनं प्लॅस्टिक विरघळतं, खोक्यावरच लिहिलंय. आता परातीचा वास घ्या आणि हौदाचा घ्या!”

कस्तुराबाई आधी वाकली. “एकच हाय की रे!”

अप्पांनी योगीराजकडं रोखून पाहिलं. त्यानं मान खाली घातली. “गन धुतली हौदावर... थोड्यानं काय होतंय, असं वाटलं.”

त्याच्याकडूनच हौद उपसून, घासून घेतला. शेळीला डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं होतं. ती वाचणार होती. करडू मात्र गेलं ते गेलंच.

“काट्या टाकल्या नसत्या तर लय जनावरं गेली असती,” कस्तुराबाई डोळे पुसत म्हणाली. “शाबास लेकरांनो!”

“आधी तुमचं ऐकून घ्यायला पायजे होतं. चुकलं माझं,” अप्पा सगळ्यांसमोर म्हणाले.

शिवकांत मात्र परातीजवळ उकिडवा बसला होता. महेश्वरी त्याच्या शेजारी टेकली.

“रागावलास?”

“हो,” तो म्हणाला. त्यानं नाक पुसलं. “पण परातीत ठेवला मीच ना.”