अठ्ठ्याण्णव किलो

दौलत पाटलाला आपलं वजन कोणाला विचारावं लागत नसे. धामणकर नाक्याजवळच्या सुताच्या गोदामात पस्तीस वर्षं तो काट्यावर होता. गोण फाटलेली असली, काट्यावर नीट बसत नसली, की ती छातीशी धरायची, आपणच काट्यावर उभं राहायचं आणि आलेल्या आकड्यातून आपलं वजन वजा करायचं. त्यासाठी रोज सकाळी आधी रिकाम्या हातांनी उभं राहायचं. ही सवय त्याची कामावरून सुटल्यावरही, या फेब्रुवारीपर्यंत, गेली नव्हती. म्हणून मे महिन्यातल्या त्या सोमवारी मानकोलीच्या स्कॅन सेंटरात दर्शन टेक्निशियननं "काका, वजन?" असं विचारलं, तेव्हा तो लगेच म्हणाला, "एकसष्ट."

दर्शननं कोपऱ्यातल्या काट्याकडे बोट केलं, तसा दौलत भडकला.

"पस्तीस वर्सं भिवंडीला तोलून दिलं मी. आता तू मना तोलणार?"

"नको काका, राहू दे," दर्शन हसला आणि त्यानं एकसष्ट लिहिलं.

दौलतचा प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत उतरला होता. जानेवारीत याच सेंटरात आधीचा स्कॅन झाला होता. शिरेतून साखरेसारखं एक किरणांचं औषध द्यायचं, तासभर गप्प पडून राहायचं, मग यंत्रात जायचं. रोग जिथे जागता असेल तिथे ते औषध जास्त ओढलं जातं, आणि किती ओढलं गेलं त्याचा यंत्र आकडा देतं. कमरेच्या मणक्यातल्या डागाचा आकडा आला होता दहा. त्यानंतर नवीन औषध सुरू केलं. आकडा उतरला तर औषध पुढे चालू. नाही उतरला तर बंद, आणि मग दुखण्याच्या गोळ्यांखेरीज हातात काही नाही.

मधे फेब्रुवारीत पार्वती गेली. दौलतची बायको.

दोन वर्षं दौलतचं रक्त मोजलं, लघवी मोजली, हाडं मोजली, दशांशापर्यंत मोजली. त्या सगळ्या ठिकाणी बाहेरच्या बाकावर पार्वती डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली असायची. एकाही पांढऱ्या कोटवाल्यानं तिला "बाई, तुम्ही का अशा दिसता?" म्हणून विचारलं नाही. दौलतनं तरी कुठे विचारलं? तिचे ब्लाउज सैल व्हायला लागले तेव्हा तिनं ते आपल्या हातानं आत घेतले. एकदा नाही, तीनदा. काही म्हटलं की म्हणायची, "मना काय न्हाय झालाय. तुमी चला, नंबर जाईल."

ती उभी राहिनाशी झाली, तेव्हा एका रविवारी, गोदाम बंद असताना, दौलत तिला रिक्षात घालून तिथे घेऊन गेला होता. फाटक्या गोणीसारखी छातीशी धरली आणि काट्यावर उभा राहिला. वजाबाकी केली. तो आकडा त्यानं मुलीलाही सांगितला नाही. चौथ्या दिवशी पार्वती गेली. दाखल्यावर डॉक्टरनं लिहिलं, हृदय बंद पडल्यानं. हृदय बंद न पडता कोण मरतं? दौलत तो कागद घडी करून घरी घेऊन आला, आणि तेव्हापासून त्याचा राग उतरलेला नव्हता.

सोमवारच्या स्कॅनमध्ये एकच गोष्ट जरा वेगळी झाली. इंजेक्शननंतर तो छोट्या खोलीत एकटा पडला होता. भिंतीतल्या स्पीकरमधून दर्शनचा आवाज आला.

"काका, बोलू नका. बोललं की औषध गळ्याला चढतं."

"मी कुठं बोलतोय?"

"मग खोलीत कोण आहे?"

"तुझा सासरा," दौलत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आकडा आला सहा पूर्णांक दोन. मुलगी रुचिका रिपोर्ट हातात घेऊन तिथल्या तिथे रडली. पण डॉक्टर भाग्यश्री खूश नव्हत्या.

"दुखणं वाढलंय, रक्तातला आकडाही वाढलाय, आणि स्कॅन म्हणतोय रोग कमी झाला," त्या म्हणाल्या. "मला पटत नाही. एकाच माणसाला दोनदा स्कॅन केलं तरी आकडा दहा-बारा टक्के इकडेतिकडे होतोच. पण हा फारच उतरलाय. किरणांचं औषध किती दिलं, किती वेळानं स्कॅन केलं आणि वजन, यातलं एक जरी चुकलं तरी आकडा खोटा येतो; वजन कमी लिहिलं तर आकडाही कमी. गुरुवारी पुन्हा करू. सगळं तसंच. फक्त वजन मी माझ्यासमोर घेणार."

"म्हणजे दोन वर्सं मना यंत्रात कोंबताय आणि यंत्राचा भरवसा न्हाय?"

"भरवसा किती ठेवायचा, तेच तर बघायचंय, काका."

खरं बोलणाऱ्या माणसाचा दौलतला जास्तच राग आला.

गुरुवारी सकाळी सेंटरचा पातळ गाऊन घालून, अनवाणी, तो काट्यावर उभा राहिला. लाल आकडे हलले आणि थांबले.

अठ्ठ्याण्णव.

"बिघडलाय," दर्शन म्हणाला. तो स्वतः चढला. चौऱ्याहत्तर. बरोबर होतं. रुचिकाला चढवलं. अठ्ठावन्न. पाण्याचा वीस लिटरचा भरलेला बाटला ठेवला, तर वीसच्या थोडं वर. पुन्हा दौलत. अठ्ठ्याण्णव.

समोर छातीच्या बरगड्या मोजता येतील असा म्हातारा उभा होता. 

"असल्या खेळण्यावर मी विश्वास ठेवू?" दौलत ओरडला. "चला बाजूच्या गोदामात. तिथं सरकारी शिक्क्याचा काटा हाय."

सेंटरच्या कुंपणापलीकडे मालाची गोदामं होती. दौलत गाऊनवरच, उन्हात, तरातरा निघाला. मागे रुचिका, दर्शन आणि घाईत चपला न सापडलेल्या डॉक्टर. गोदामात खोकी उतरवणारे हमाल बघायला लागले. दौलत जमिनीवरच्या लोखंडी काट्यावर उभा राहिला.

"अरे चाचा," एक हमाल आकडा वाचून म्हणाला, "पेट में पत्थर भर के लाए हो क्या?"

बाकीचे हसले. दौलतनं आकडा पाहिला आणि पस्तीस वर्षांच्या सवयीनं त्याच्या डोक्यात आपोआप वजाबाकी झाली. अठ्ठ्याण्णवातून एकसष्ट गेले.

सदतीस.

त्या रविवारी पार्वती सदतीस किलो भरली होती.

त्याच्या छातीवर काही भार नव्हता. हात रिकामे होते. फक्त कोपरं, त्याच्या लक्षात आलं, अंगापासून जरा लांब होती, काही धरल्यासारखी.

त्यानं ओठ हलवले. "जरा उतर," तो म्हणाला. अगदी हळू.

आकडा एकसष्टवर आला.

हमालांचं हसणं थांबलं. दौलत तसाच उभा होता. मग एक एक करत, कोणी जपून पाय ठेवावा तसे आकडे पुन्हा वर चढत गेले. सत्तर. पंच्याऐंशी. अठ्ठ्याण्णव.

"बाबा, काय म्हणालात तुम्ही?" रुचिकानं विचारलं.

"काय न्हाय."

इंजेक्शन झालं. तासभर गप्प पडणं झालं. या वेळी स्पीकर वाजला नाही. स्कॅन झाला. दुपारी डॉक्टर भाग्यश्रींनी दोघांना आपल्या खोलीत बोलावलं. त्यांनी पाण्याचा ग्लास भरला होता, पण प्यायल्या नव्हत्या.

"एकसष्ट धरून सहा पूर्णांक दोन," त्या म्हणाल्या. "सोमवारचाच. काडीचाही फरक नाही. असं होत नाही, काका. मी आजवर दोन स्कॅन असे जुळलेले पाहिले नाहीत."

"आणि अठ्ठ्याण्णव धरलं तर?"

 हिशेब त्यांनी आधीच केलेला होता.

"तर दहा. जानेवारीत होता तोच. म्हणजे औषधाचा काही उपयोग झालेला नाही." त्यांनी ग्लास बाजूला सारला. "विचित्र काय आहे सांगते. आम्ही टोचलं तेवढं किरणांचं औषध तुमच्या अंगात दिसतच नाही. तुमच्या अंगात दिसतंय त्याच्याहून मोठ्या अंगात ते वाटलं गेलंय. पण तुमच्याकडे बघून अठ्ठ्याण्णव कोण मानेल? मी एकसष्टच लिहिणार. औषध चालू राहील."

"राहू दे, डॉक्टर," रुचिका घाईनं म्हणाली. "एकसष्टच लिहा."

"अठ्ठ्याण्णव लिहा," दौलत म्हणाला.

"बाबा! औषध बंद होईल."

"होऊ दे."

"तुम्हाला काय मरायची घाई झालीय? आई गेली, आता तुम्ही पण..."

"तुझी आई!" दौलतनं टेबलावर थाप मारली. ग्लासातलं पाणी सांडलं. "तुझी आई दोन वर्सं यांच्या दारात बसली. दोन वर्सं! माझं हाड न हाड यांनी लिहिलं. तिचं वजन कुठं लिहिलंय दाखव. एका कागदावर दाखव. मी तोललं, मीच! आणि मी पण न्हाय सांगितलं कोणाला. लाज वाटली मना. चांगल्या जेवणाऱ्या घरातली बाई सदतीस किलो." त्याला धाप लागली. "खोटं वजन लिहून मी आयुष्यभर खाल्लं न्हाय. आता मरताना खाऊ? तिला वजा करून मना औषध नको. लिहा."

 सदतीस हा आकडा रुचिका पहिल्यांदाच ऐकत होती.

डॉक्टरांनी पेन उचललं.  मग त्यांनी अठ्ठ्याण्णव लिहिलं, खाली सही केली आणि औषध बंद, असं लिहिलं.

दौलत बाहेर येऊन भिंतीलगतच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसला. रुचिका रिक्षा बघायला गेली. डावीकडची खुर्ची रिकामी होती.

दर्शन हातातलं, किरण मोजायचं छोटं यंत्र घेऊन आला. दुसऱ्यांदा स्कॅन केलेल्या माणसाला सोडायच्या आधी तो ते एकदा फिरवत असे. दौलतच्या छातीसमोर ते टिकटिकलं. त्यानं ते बाजूला नेलं. लांब गेलं की आवाज कमी व्हायला हवा.

तो वाढला.

दर्शननं यंत्र रिकाम्या खुर्चीसमोर धरलं. खाली नेलं, वर नेलं. बसलेल्या बुटक्या माणसाचं डोकं जिथे येईल तिथे टिकटिक दाट झाली.

"मेंदू साखर खातो," तो पुटपुटला. रोज करतो त्या कामाच्या सवयीनं. मग त्याला आपण काय बोललो ते कळलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"खाली बघ," दौलत म्हणाला.

दर्शननं हात खाली आणला. गळा. छाती. आवाज विरळ होत गेला. मग एका जागी, डाव्या बरगड्यांच्या खाली, यंत्र किंचाळायला लागलं.

"केवढं हाय?"

दर्शननं यंत्र इंचभर डावीकडे नेलं, इंचभर उजवीकडे. "लिंबाएवढं."

"पुढं की मागं?"

"मागं. पाठीकडे."  दर्शननं मनगट दुसऱ्या हातानं घट्ट धरलं, यंत्र एका जागी स्थिर ठेवलं. तरी आवाज स्थिर राहीना. वाढायचा, उतरायचा. पुन्हा वाढायचा.

"तू हलवतोस," दौलत म्हणाला.

"नाही, काका." दर्शन रिकाम्या खुर्चीकडे बघत होता. "मी नाही हलवत. श्वास घेताना ती जागा वरखाली होतेय."