बहिणीच्या वाट्याचं

"पुढचं नाव... सुखीबाई राठोड! यांना भेट, रूपसिंग सरांच्या घराकडून!"

पाळकसाहेबांनी चिठ्ठी वाचली आणि शेवटच्या रांगेत बसलेल्या सुखीबाईच्या मांडीवरचा करंज्यांचा डबा घसरता घसरता राहिला. दारव्ह्याच्या त्या छोट्याशा चर्चमध्ये नाताळची उपासना आटोपली, की प्रत्येक घरानं आपल्या ओळखीच्या एका गरजू माणसाचं नाव द्यायचं आणि त्याला सगळ्यांसमोर भेट द्यायची, अशी पद्धत होती. तिला ती ठाऊक होती. पण सख्ख्या भावाच्या चिठ्ठीत आपलं नाव?

'नाताळला दारव्ह्याला या,' असा पाळकांचा निरोप आला, तेव्हा ती वेडी हरखून गेली होती... रूपसिंगला आठवण झाली, आज तो जेवायला घरी नेणार! आई-बाप गेले तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि ती सतरा. ठरलेली सोयरीक तिनं मोडली, दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचला, त्याला मास्तर केलं. आणि तीन वर्षांपूर्वी, त्याच्या नव्या घराच्या प्रार्थनेला, कुणा पाहुणीनं भांडी घासत बसलेल्या तिच्याकडे बोट दाखवून विचारलं, "ही भांडीवाली कुठून मिळाली?" तेव्हा भावजय अर्पिता नुसती हसली. रूपसिंग हातात ताट घेऊन तसाच उभा राहिला! त्या दिवसापासून तिला त्या घरातून बोलावणं आलं नव्हतं.

ती पुढे गेली. त्यानं खाली मान घालून ब्लँकेट दिलं. "आजी, इकडे बघा," कुणीतरी म्हणालं आणि मोबाइलवर फोटो निघाला. चर्चच्या दाराशी भीक मागणारी म्हातारी जमनी कुडकुडत बसली होती. सुखीबाईनं ते ब्लँकेट तिच्या अंगावर घातलं आणि परत भावासमोर येऊन उभी राहिली.

"रूप्या, गरिबाले देतेत ते भेटलं रे मले... बहिणीले देतेत ते राह्यलं."

"सगळ्यांसमोर तमाशा कायले करता, बाई?" अर्पिता दबक्या आवाजात फणकारली.

सुखीबाईनं डबा भाच्याच्या, आयुषच्या हातात दिला. "तुह्यासाठी आन्ल्या रे राजा," एवढंच बोलली आणि तांड्याकडे जाणाऱ्या जीपमध्ये जाऊन बसली. तांडा येईपर्यंत तिनं डोळ्यांना पदर लावला नाही. घराचं दार लावलं आणि मग मात्र तिला रडू आवरेना.

दिवे लागायच्या वेळी रूपसिंग चालत आला. चुलीपुढे बसला, आणि एकाएकी त्यानं तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

"बाई, माफ कर मले! तुले थंडी वाजते, हे मले दिसते वं... पन घरून काही पाठवाची सोय नाही. चर्चच्या नावानं दिलं, तर अर्पिता काही बोलत नाही. म्हून चिठ्ठीत नाव टाकलं..."

"मंग बहीण म्हून टाकाचं होतं रे!" ती म्हणाली. "भिकारीण कायले केलं मले?"

तो हुंदके देत राहिला. तिचं मातृहृदय किती वेळ कठोर राहणार! "जेवला का?" तिनं विचारलं. त्यानं नकारार्थी मान हलवली. तिनं भाकरी थापली, तुरीच्या ओल्या सोल्याची भाजी वाढली. तो लहानपणीसारखा भराभरा जेवू लागला आणि तिच्या मनात आनंद मावेना... आपला भाऊ परत आला! नाताळच्या दिवशी देवानं आपला भाऊ परत दिला!

"अर्पिताले सांगून आला ना?" तिनं कौतुकानं विचारलं.

त्यानं हातातला घास परत ताटात ठेवला.

"यवतमाळले मित्राकडे जातो म्हून सांगतलं."

"अन् गाडी?"

"तांड्याबाहेर ठेवली... बाभळीखाली. कोनी पाह्यलं तर उगाच तिच्या कानावर जाते."

सुखीबाईनं तव्यावरची गरम भाकरी काढून त्याच्या ताटात वाढली.

"पोटभर जेव रे," ती म्हणाली. "नाताळच्या दिवशी मित्राच्या घरून उपाशी आला म्हटलं, तर तिले खरं नाही वाटनार."