डावी सीट हलेना

ही घटना खरी आहे. ज्यांना पटणार नाही, त्यांनी खुशाल पटवून घेऊ नये. आणि भुतं रात्रीच निघतात असं समजणाऱ्यांनी तर नीट वाचावं. ही गोष्ट भर दुपारची आहे. मागच्या मे महिन्यातली, नागपूरजवळच्या खाप्याच्या रस्त्यावरची.

माया मेश्राम खाप्याच्या बायांना रोज नागपुरातल्या एका शिलाई कारखान्यात नेते-आणते. व्हॅन तिची स्वतःची. जुनी, पण कार्बोरेटरवाली नाही, कॉम्प्युटरने पेट्रोल सोडणारी, इंजेक्शनवाली.

त्या गाडीने महिनाभर तिचा जीव खाल्ला होता.

कन्हान नदीच्या काठाला रस्त्यावर एक बाभूळ लागते. तिथं आलं की इंजिनाचा आवाज वर जायचा, खाली यायचा, पुन्हा वर... आणि बंद.

बऱ्याच वेळाने किल्ली फिरवली की सुरू. जसं काही झालंच नाही.

बायांना रोज उशीर. कारखान्याच्या मालकाने सांगून टाकलं, आणखी एकदा उशीर झाला की दुसरी गाडी लावतो. म्हणजे मायाचं काम संपलं. घरचे म्हणाले, विकून टाक. माया म्हणाली, विकणार नाही, काय करायचं ते करा.

तिच्या चुलत भावाचं, प्रीतमचं कामठीला गॅरेज आहे. त्याने फिल्टर बदलला, पंप तपासला, थ्रॉटल साफ केलं, स्कॅनर लावला.

"मशीन म्हणते गाडी चांगली हाय, ताई."

"मंग मशीनले खाप्याले घेऊन चाल."

रविवारी दुपारी दोघं निघाले. प्रीतम पाने-पक्कड पसरून मागे बसला. बाभूळ आली. आवाज वर, खाली...

बंद.

आजूबाजूला एक पाखरूही ओरडत नव्हतं.

या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. डाव्या सीटची कडी काढायची, सीट उलटायची, की इंजिन समोर. माया हे एका हाताने करते. प्रीतमने कडी काढली, सीट धरली...

सीट हलेना.

दोघांनी मिळून ओढली. कडी मोकळी होती, कुठं काही अडकलेलं नव्हतं. मायाने रेक्झिनवर हात ठेवला. सारी गाडी उन्हात तव्यासारखी तापलेली, आणि ही सीट...

थंडगार.

मधोमध खड्डा पडला होता. माणूस बसल्यावर पडतो तेवढा.

प्रीतम मागे सरकला. "ताई, चाल घरी. लिंबू-मिरची बांधू."

मायाही घाबरली होती. पण भीतीपेक्षा राग मोठा होता. "आपल्या घरात लिंबू वरणात पिळते, गाडीले बांधत नाही. आजोबानं धम्माची दीक्षा काहून घेतली गा मंग?"

मग ती सीटकडे वळली.

"कोण हाय तू, मले माहीत नाही. माहीत करून घ्यायचंही नाही. माह्या बाया उद्या वेळेवर पोचल्या पाहिजे. ऊठ."

काहीच झालं नाही.

"ऊठ म्हणून राहिली ना मी."

स्प्रिंग करकरली... खड्डा हळूहळू भरून आला.

सीट तिच्या एका हातात वर आली.

खाली हवेची रबरी नळी चिरली होती. तिथून फालतू हवा आत ओढली जात होती, म्हणून इंजिन असं धापा टाकायचं. प्रीतम नळीकडे बघतच राहिला.

"सकाळीच हात फिरवला होता मी हिच्यावर. साबूत होती, ताई."

त्याने पेटीतला तुकडा काढून कसाबसा बसवला. किल्ली फिरली. इंजिन एकसारखं चालू लागलं. मायाने सीट खाली टाकली, कडी लावली आणि निघाली.

बाभूळ मागे पडली. तिच्या डाव्या बाजूला स्प्रिंग पुन्हा करकरली...

मायाने मान वळवली नाही. "बसायचं तर बस. पण गाडी बंद पाडायची नाही."

त्या दिवसापासून गाडी बंद पडलेली नाही. काम टिकलं. विकायचं नाव आता घरात कोणी काढत नाही.

बायांना दोघांनीही काही सांगितलेलं नाही. तरी तेव्हापासून पुढच्या सीटवर कोणी बसत नाही. इंजिनामुळे ती सीट तापते, म्हणून बसत नसतील, असं माया स्वतःला समजवायची.

मग डिसेंबर आला. कडाक्याच्या थंडीत गाडीतली ऊबदार सीट ती एकच. पण बाया स्वेटर घालून मागे एकमेकींच्या अंगावर दाटीने बसतात...

पुढे कोणी येत नाही.

माया कोणाच्या बापाला भीत नाही. पण पुढे काहून बसत नाही, एवढं मात्र तिला त्यांना अजून विचारवत नाही.